पाचशे लोकरी कोट

भांडारपालाने मागणीपत्र खिडकीच्या उजेडात धरलं. पाचशे लोकरी कोट, तातडीने. खाली तुकडीचा आकडा, सही, शिक्का. शिक्क्याची कड मात्र सहीवर चढली होती. तो गालात हसला आणि लाल शाईने कोपऱ्यात लिहिलं, 'शिक्का सहीपासून वेगळा असावा. परत.'

"वर डोंगरात बर्फ पडायला लागलंय म्हणे," टंकलेखक बाई म्हणाल्या.

"पडू द्या. पंधरा दिवसांवर तपासणी आलीय."

एवढं अफाट लष्कर. कुठल्या भांडारात काय चाललंय, हे राजधानीतल्या मोठ्या कचेरीला कळावं कसं? तिने एक सोपं माप काढलं होतं. तपासणीच्या दिवशी ज्याची फडताळं भरलेली, त्याला वर्षभर ढाल. सहा वर्षं ती ढाल नदीपलीकडच्या भांडाराकडेच होती, आणि ते भांडार त्याचा साडू सांभाळायचा. पितळेची, ताटाएवढी ढाल. साडूच्या घरात पाऊल टाकलं की आधी तीच दिसायची. सासुरवाडीचं कुठलंही कार्य असो, बोलणं फिरून तिच्यावरच यायचं. बायको वाढता वाढता म्हणायची, "ताईच्या यजमानांना जमतं बाई सगळं." मग भाजीला मीठ असलं काय, नसलं काय.

त्या दिवसांत बायकोला दुसराही घोर होता. मुलाची पलटणीतून नव्या तुकडीत बदली झाली होती. नवा पत्ता अजून आला नव्हता.

तपासणीच्या दिवशी फडताळं छताला टेकली होती. डांबराच्या गोळ्यांचा वास दाटला होता. कोट घडीत निजले होते, बाह्या छातीवर घेऊन, कुणाची तरी वाट बघत असावेत तसे. तपासनीस जाताना म्हणाले, "नदीपलीकडे तर उजाड माळ आहे हो यंदा." भांडारपालाने चेहरा गंभीर ठेवला. आत ढोल वाजत होते.

संध्याकाळी साडू स्वतः ढाल घेऊन घरी आला, जुन्या चादरीत गुंडाळून.

"काय साडूभाऊ, यंदा हात सैल सुटला?"

"थंडी आधी आली," साडू म्हणाला. त्याने ढाल खिळ्याला अडकवली, बाहीने पुसली, दोन पावलं मागे येऊन बघितली. "शोभते हो तुमच्याकडे."

ना खोच, ना रुसवा. तेच भांडारपालाला जास्त डाचलं.

तेवढ्यात फोन वाजला. बायकोने उचलला, 'बाळाचा आहे!' म्हणाली. तिने फोन नवऱ्याच्या हाती दिला.

"बाबा, वर डोंगरात आलोय. आठ दिवस हाल झाले. कुठल्याशा भांडाराने शिक्क्यावरून आमचा कागद परत पाठवला. दोघांचे पाय गेले, बाबा. शेवटी आमच्या कप्तानांनी काकांच्या भांडारात फोन केला. काकांनी कागदसुद्धा मागितला नाही, उभ्या उभ्या पाचशे कोट काढून दिले. मी इथे आहे हे त्यांना माहीतही नसेल. त्यांना सांगा, मी उबेत आहे."

"सांगतो," भांडारपाल म्हणाला. त्याने फोन ठेवला.

"कुठे आहे पोरगा? बरा आहे ना?" साडूने विचारलं.

भिंतीवर ढाल लखलखत होती. समोर साडू बसला होता, रिकाम्या फडताळांचा धनी. उभ्या आयुष्यात भांडारपालाला त्याचा एवढा हेवा कधी वाटला नव्हता.