दोनदा आलेला आकडा

फॅटच्या यंत्राच्या छोट्या काचेत ७.१ होतं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर ३.४. दूध एकच, बाटलीही एकच. कल्याण दोन्हीकडे आळीपाळीनं बघत राहिला.

"हे कधीपासून होऊन राह्यलं?" प्रिंटर दुरुस्त करायला भोकरदनहून आलेल्या निखिलनं विचारलं.

कल्याणनं टेबलामागच्या वायरींच्या गुंत्याकडे पाहिलं.

केदारखेड्याच्या दूध संकलन केंद्रात तो सहा वर्षं कॉम्प्युटरवर बसत होता. वजनकाटा, फॅटचं यंत्र, प्रिंटर, बाहेरचा आकड्यांचा बोर्ड, साऱ्यांच्या वायरी त्याच एका कॉम्प्युटरला. दिवाळीनंतर चेअरमन अप्पारावांनी त्यात दोन कॅमेरे वाढवले. दुधात पाणी घालणारे सापडले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. कॉम्प्युटरला वायर खोचायला जागा उरली नव्हती. मग कल्याणनं बाजारातून सात तोंडांचा स्वस्तातला हब आणला आणि होतं नव्हतं ते सगळं त्यात खोचलं. दिवे लागले. काम झालं, असं तो समजला.

निखिलनं हब हातात घेऊन उलटासुलटा केला. "भाऊ, सात तोंडं हायेत म्हणून सात यंत्रं चालत न्हाईत. याला सोताचा करंट न्हाई. कॉम्प्युटर देईल तेवढ्यातच सगळ्यांनी भागवायचं. कॅमेऱ्यांनी ओढलं की एखादं यंत्र मधीच सुटतं. मंग पडद्यावर नवा आकडा येत न्हाई. आधीच्याचाच राहतो."

आधीच्याचाच. कल्याणनं जुन्या नोंदी उघडल्या.

बाकी सगळ्यांच्या म्हशी. एकाचा आकडा दुसऱ्याला लागला तरी फरक इतका बारीक, की कुणाच्या ध्यानात येणार? गायीचं, कमी फॅटचं दूध फक्त अप्पारावांचं. ते सकाळी पहिलं यायचं आणि त्यामागे द्वारकाबाईंचं, एका म्हशीचं. कॅमेरे लागल्यानंतरच्या एका आठवड्यात चार सकाळी द्वारकाबाईंच्या नावापुढे अप्पारावांच्या गायीचाच आकडा होता, दशांशासकट. त्यानंतर गायीचं दूध रांगेत शेवटी येऊ लागलं होतं, ते आज पुन्हा पहिलं आलं होतं.

म्हशीच्या दुधाला साडेतीनच्या आत फॅट म्हणजे निम्मं पाणी. धार द्वारकाबाई काढायच्या. किटली केंद्रावर आणायची ती त्यांची सून तृप्ती. पहिले तीन दिवस कल्याणनं तिला फॅट फार कमी येतंय, असं दबक्या आवाजात सांगितलं. चौथ्या दिवशी द्वारकाबाई स्वतः आल्या, तृप्ती मागे. आकडा पुन्हा तोच. त्या दिवशी कल्याणनं आवाज दाबला नाही. भरल्या रांगेसमोर म्हणाला, "काकू, उद्यापासून घरीच ठेवा हे. असलं दूध केंद्रात चालत न्हाई."

द्वारकाबाईंनी भांडण केलं नाही. त्यांनी एकदा किटलीकडे पाहिलं, एकदा मागे उभ्या सुनेकडे, आणि त्या चालू लागल्या. पुन्हा केंद्राची पायरी चढल्या नाहीत. त्याला आता दोन महिने होत आले होते.

कल्याणनं दोन्ही कॅमेरे उपसून टेबलावर ठेवले. अप्पारावांना फोन लावला.

"काढून टाक," ते म्हणाले, "पण बोभाटा करू नको. आज एक म्हणल, माझा आकडा चुकला. उद्या सारं गाव दारात उभं राहील."

"आन द्वारकाकाकू?"

"तिचं झालं गेलं. बसली की आता गप."

कल्याणनं फोन ठेवला आणि तसाच द्वारकाबाईंच्या घराकडे निघाला. वाटेत त्यानं मनाशी सगळं जुळवलं. त्या शिव्या देतील, ऐकून घ्यायच्या. चप्पल काढतील, काढू द्यायची.

द्वारकाबाई ओसरीवर सूप घेऊन तूर निवडत होत्या. तो उभ्या उभ्याच बोलला. हब, कॅमेरे, अप्पारावांची गाय, सगळं. त्यांचा हात थांबला.

"म्हंजी पाणी नव्हतंच?"

"बिलकुल नव्हतं, काकू. तो आकडा तुमच्या दुधाचा नव्हताच. चूक माझी हाये. उद्या सकाळी रांगेसमोरच सांगतो, अप्पाराव कायबी म्हणू द्या."

"बराबर सांगून राह्यला ना तू?"

"लेकराची शपथ."

द्वारकाबाईंनी सूप मांडीवर टेकवलं. ना शिवी, ना त्रागा. कल्याणला ते जड जाऊ लागलं. त्यानं घरात डोकावून पाहिलं. "तृप्तीवहिनींना बी सांगतो. कुठं गेल्या?"

"पिंपळगावला. माहेरी."

"कधी यायच्या?"

"न्हाई यायची. पोरानं नांदवणार न्हाई म्हणून सांगून टाकलं. तिच्या बापानं लई हातापाया पडून पाह्यलं."

"काय झालं व्हतं?"

"पाणी मीच घालत व्हते, असं कबूल केलं तिनं. तिच्या तोंडानं. चार माणसांत."

कल्याण गोंधळला. त्याला वाटलं, आपण नीट सांगितलं नाही. "पण काकू, पाणी नव्हतंच ना. मंग त्या असं कशाला म्हणल्या?"

द्वारकाबाईंनी सूप बाजूला सारलं.

"तीन दिस तिला जेवाया दिलं नव्हतं म्या."