तिरक्या काड्या

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आलेल्या पोरांना आज एकेक शाखा दाखवत होते. पालकांच्या बाकावर आकाराम ऐटीत बसला होता. सिव्हिलच्या सरांनी खराट्याच्या काड्या अन् दोरा देऊन घरं बांधायला लावली आणि ती हादरणाऱ्या टेबलावर ठेवली. सगळी कोसळली, आकारामच्या लेकीचं तेवढं उभं राहिलं. "कोपऱ्यात तिरक्या काड्या! कुणी शिकवलं गं?" सरांनी विचारलं. "आप्पांनी. आमी कोयनानगरचे. भूकंपाच्या भ्यानं गोठा असाच बांधलाय." लेकीनं आपलं नाव घेताच आकारामनं सगळ्यांच्या आधी टाळ्या पिटल्या. "सिव्हिलच घेतलंस ना?" सर म्हणाले. "न्हाई. कॉम्प्युटर." "का गं?" आकारामचे हात थांबले. पोरीच्या जातीनं उन्हातान्हात साइटवर हिंडायचं न्हाई, म्हणून त्यानंच घर डोक्यावर घेतलं होतं. लेकीनं मागं पाहिलंसुद्धा नाही. "ते बी आप्पांनीच ठरवलं," ती म्हणाली. तिनं घराचा दोरा सोडला अन् काड्या सरांना परत दिल्या.