पस्तीस एकरांचा ठिपका

ब्राह्मी निपाणीत बसमधून उतरली ती घराकडे न वळता तडक मळ्यात आली. तिचे वडील, बाबगोंडा आप्पा, विहिरीच्या काठावर हात धूत होते. हात कोपरापर्यंत काळे. एक भुवई जळून गेलेली. झालं! आता आणखी पुरावा तो कसला हवा?

"आप्पा, उसाचा पाला पेटवलासा न्हवं?"

आप्पांनी वर पाहिलं. "आलीस व्हय? पाणी तरी पी आधी."

"पाणी नको. बस्तीत मुनी महाराजांच्या पुढं नेम घेतलासा. शेतात काडी लावणार न्हाय, किडामुंगी जाळणार न्हाय. मी शेजारी बसले हुते तवा!"

ब्राह्मी बेळगावात एका ऑफिसात कामाला होती. उपग्रहानं टिपलेली आग आणि धूर नकाशावर तपासून नोंद करायची, हे तिचं काम. आज दुपारी नकाशावर निपाणीजवळ लाल ठिपका उमटला. धुराचा पट्टा चिकोडीकडे सरकत चाललेला आणि ठिपका नेमका घरच्या मळ्यावर. पोरीला अशी लाज वाटली की विचारू नका. घरचं म्हणून झाकलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून तिनं स्वतःच लिहून टाकलं, 'खात्री केली, आग याच मळ्यात.' आणि रजा टाकून निघाली.

तिनं मोबाइल आप्पांच्या नाकासमोर धरला. आप्पांनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"एवढासाच?"

"एवढासा न्हाय. एका ठिपक्यात पस्तीस एकर बसतंय."

"आन आपलं रान किती?"

"दोन एकर," ती म्हणाली आणि तिनं जीभ चावली. ऑफिसात नव्या पोरांना ती हेच रोज बजावायची, ठिपका कुणा एकाच्या शेताचा नसतो म्हणून. घरचा मळा दिसला आणि बाईसाहेब सगळं विसरल्या!

आप्पा रानाकडं चालू लागले. ती मागोमाग गेली. विहिरीपलीकडं तिन्ही बाजूंचं रान काळंठिक्कर पडलं होतं. शेजारच्या मारुतीरावानं पाला पेटवला आणि वारं फिरलं होतं. मधोमध आप्पांचे दोन एकर. सरीसरीत पिवळा पाला तसाच अंथरलेला. बांधावर भिजवलेली पोती पडली होती, निम्मी जळलेली.

"एकट्यानं विझवलासा?"

"मारुती पण हुता की. लई घाबरलं हुतं बिचारं. नेम माझा, आन रडकुंडीला त्यो आलता."

ब्राह्मीचे डोळे भरून आले. पण जिवाला इतकं बरं वाटलं की त्यातच हसूही येऊ लागलं.

"आप्पा, चुकलं माझं. सोमवारी गेल्या गेल्या ते खोडते."

"खोड. पर मारुतीचं नाव घालू नको त्यात."

"नावं नसत्यात आप्पा. एवढ्या वरनं माणूस कुठला दिसतोय?"

"व्हय?" आप्पांनी जळकी भुवई चोळली आणि गालातल्या गालात हसले. "मग मी तेवढा बरा दिसलो तुला!"