तेविसावी बाटली

"सही इथे," संपादिकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर पेन्सिलीने बारीकशी फुली मारून दिली.

शिंप्याने पेन घेतलं, पण कागदावर टेकवलं नाही. फुलीच्या वर एकच ओळ छापलेली होती : 'या लेखातले सर्व आकडे माझ्या माहितीप्रमाणे खरे आहेत.' लेख त्याच्या लेकीचा होता, गावोगावच्या विहिरींच्या पाण्यावरचा. लेक जाऊन चार महिने झाले होते. लिहिणारा हयात नसेल तर घरच्या माणसाने सही करायची, असा या नियतकालिकाचा नियम होता. सही नसेल तर लेख छापत नसत. छापण्याआधीची प्रत त्याच्याकडे आठवडाभर पडून होती, पण नावापलीकडे त्याच्याने वाचवलं नव्हतं.

माणूस अवघडलाय हे बाईंनी ओळखलं. त्यांनी नव्या अंकाची जुळवलेली पानं त्याच्यापुढे सरकवली. आधी मधमाश्यांच्या झोपेवरचा लेख, मग दुसरीतली मुलं मोठ्याने वाचली की काय होतं त्यावरचा, मग गिचमिड अक्षर वाचायला शिकवलेल्या संगणकावरचा. त्याच्यामागे लेकीच्या विहिरी.

"कशाचा कशाला पत्ता नाही," तो म्हणाला. "आमची चिंध्यांची पिशवी यापेक्षा बरी."

"अंक असाच असतो, काका. ज्याला जे सापडलं ते."

"सापडलं ते खरं मात्र पाहिजे," असं तो बोलून गेला आणि आपल्याच शब्दांत अडकला.

तीस वर्षं तो लोकांची मापं घेत आला होता. माप चुकलं, कापड वाया गेलं, तर गिऱ्हाइकाने विचारायच्या आत आपण सांगून मोकळं व्हायचं, ही त्याच्या दुकानाची रीत. लेक कापणीच्या टेबलाखाली बसून बटणं वेचायची, तेव्हापासून ही रीत तिच्या कानावर होती. आणि नेमका तिच्याच कामात तो मूग गिळून बसला होता.

"मॅडम, मी सही केली तर ती खोटी होईल."

बाईंनी चष्मा काढला.

"ती तापाने पडली होती," तो म्हणाला. "विहिरींच्या पाण्याच्या चाळीस बाटल्यांचं खोकं मी स्कूटरवरून प्रयोगशाळेत नेलं. वाटेत खड्ड्यात आदळलो. तेवीस नंबरचं झाकण उडालं, बाटली पार रिकामी झाली. परत त्या विहिरीवर जायचं म्हणजे अख्खा दिवस. आणि चार वाजता लग्नाचे कपडे न्यायला माणसं यायची होती. मी रस्त्याकडेच्या नळावर बाटली भरली आणि खोकं पोचवून आलो."

"तिला बोलला नाहीत?"

"आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. मग तिचं ते दुखणं निघालं. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार?" त्याने पेन खाली ठेवलं. "एक आकडा खोटा निघाला तरी लेख परत येतो, असं तीच म्हणायची. आता आला तर नीट करायला ती नाही. तिचं नाव छापून यायची ही एकच वेळ आहे, मॅडम. पण माझ्याने सही होत नाही."

बाईंनी चष्मा पुन्हा घातला. मग त्यांनी लेकीच्या लेखातला तक्ता काढला आणि बोट ओळीवरून ओळीवर खाली नेलं. एकवीस. बावीस. चोवीस.

त्यांचं बोट तिथेच थांबलं. "अरे देवा. आमच्याकडून ओळ गळलेली दिसतेय."

पण लेखाच्या सुरुवातीलाही 'एकोणचाळीस नमुने' असंच होतं. लेखासोबत वहीच्या पानांचे फोटो मागवून ठेवायची पद्धत होती. बाईंनी ते संगणकावर उघडले. तिरकी, एकमेकींच्या अंगावर रेललेली अक्षरं. बाई पडद्याला नाक लावून बसल्या, पण त्यांना आकड्यांखेरीज काही लागेना.

"काका, तुम्हीच बघा. हे शेरे मला वाचता येत नाहीत."

त्याला येत होते. हे अक्षर तो ती पहिलीत होती तेव्हापासून वाचत होता. खुर्ची पुढे ओढून त्याने तेवीस नंबरची ओळ शोधली आणि हळूहळू मोठ्याने वाचू लागला.

"क्लोरीन सापडलं. म्हणजे विहिरीचं नव्हे, नळाचं पाणी. ही बाटली वगळली."

एवढं वाचून तो थांबला. खाली आणखी दोन वाक्यं होती. ती त्याने मनातल्या मनात वाचली, पुन्हा वाचली.

'बाबांना विचारायचं नाही. ते आपणहून सांगतील.'

त्याला रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही. बाई उठून खिडकीशी गेल्या. कुणीतरी बाहेरून दार ठोठावलं, त्याला त्यांनी हातानेच थांबायला सांगितलं.

थोड्या वेळाने शिंप्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, पेन उचललं आणि फुलीवर सही केली. सावकाश, पूर्ण नावाची. सहीखाली तारखेची चौकट रिकामी होती.

"आजचीच घालू ना?" त्याने विचारलं. तो बाईंकडे बघत नव्हता, पडद्याकडे बघत होता.