मिझोगुची बाईंची जुनी पद्धत

देवळाचं दफ्तर सांभाळणाऱ्या मिझोगुची बाईंच्या पत्राला नुमाता-सानांनी अकरा वर्षांत उत्तर दिलं नव्हतं, निव्वळ संकोचापोटी. नुमातांनी लिहिलेली प्रोग्रॅमिंगची लायब्ररी मजकूर शोधताना रेगेक्सच्या, म्हणजे शोधायचा नमुना खुणांनी लिहिण्याच्या, जुन्या आणि नव्या, दोन्ही पद्धती समजून घ्यायची. ‘जुनी बंद करू नका, माझं सगळं दफ्तर तिच्यावर चालतं,’ एवढीच बाईंची विनंती होती.

आज दुपारी दोनच्या बैठकीत ती जुनी पद्धत बंद होणार होती. टोकियोतल्या कचेरीच्या रिवाजाप्रमाणे नुमातांचा सहकारी कुरीहारा आधीच प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन होकार घेऊन आला होता. बैठकीत फक्त माना डोलवायच्या.

"नुमाता-सान, तुमचा होकार धरूनच चाललोय हं," तो हसला. "ती पद्धत वापरणारं आता तुमच्याशिवाय आहे कोण?"

"एक बाई आहेत."

"एका बाईसाठी? काहीतरीच काय!"

नुमातांनी खणातून बाईंचं जुनं पत्र आणि एक कोरा कागद काढला.

 

बैठकीला तासभर बाकी असताना, एक वाजता, त्यांनी बाईंच्या नावे कचेरीचा शिक्का मारलेलं उत्तर टपालपेटीत टाकलं: ‘जुनी पद्धत कायम ठेवायचं आजच्या बैठकीत ठरलं आहे.’