चौथा चेहरा

"ग्राफ बघा, महिनाभर कसा वरच आहे!" डॉक्टरीणबाई खूश होत्या. गोळ्यांच्या जोडीला त्यांनीच माझ्या नवऱ्याच्या फोनवर एआयचं अ‍ॅप टाकलं होतं. रोज अकराला ते विचारायचं, "आज कसं वाटतंय?" रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे, एक दाबायचा. हे फोनला हातही लावायचे नाहीत. तीन दिवस उत्तर गेलं नाही की दवाखान्यात कळायचं. पुन्हा अ‍ॅडमिट करतील या धास्तीने मीच चौथा चेहरा दाबत आले. पाचवा कधीच नाही. संशय आला असता. एवढ्यात अकरा वाजले, माझ्या मांडीवरचा ह्यांचा फोन किणकिणला. हे जमिनीकडेच बघत राहिले. माझा अंगठा सवयीने चौथ्यावर गेला. बाईंचं पेन थांबलं. "हा ग्राफ बघून मी गोळ्या अर्ध्या केल्या, तेव्हाही तुम्हीच दाबत होतात?" मी फोन मांडीवर पालथा ठेवला. "मला माहीत होतं," महिन्याभरात पहिल्यांदाच हे बोलले. "म्हटलं, घरात एकाला तरी बरं वाटतंय."