एक तारखेपर्यंत

गल्लीतलं चौथं झाड पडलं तेव्हा कृष्णस्वामी सर शेजारच्या हंबीररावांच्या फाटकाशी उभे होते.

"वाळवी लागली होती, सार," हंबीरराव म्हणाले.

सरांनी ताज्या बुंध्याकडे पाहिलं. लाकूड घट्ट होतं. कुठे साधं भोकही नव्हतं.

"घाई कसली होती?"

"घाई कुठली की! आज माणसं मिळाली. आत या, कॉफी घ्या."

सर आत गेले नाहीत.

चार वर्षं अर्ज करकरून त्यांनी उपनगराच्या नगरपालिकेकडून नियम करून घेतला होता. तीन फुटांहून जास्त घेराचं झाड परवानगीशिवाय तोडायचं नाही, स्वतःच्या आवारातलंसुद्धा. नियम एक जूनपासून लागू होणार होता. कागद हाती पडताच सरांनी गिंडीजवळच्या आपल्या गल्लीत घरोघरी जाऊन तो समजावून सांगितला. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? लोकांनी शांतपणे ऐकलं. बहुतेकांनी एकच गोष्ट दोनदा विचारली : तारीख कोणती?

दुसऱ्या दिवसापासून करवती सुरू झाल्या. आपणच दवंडी पिटली, हे सरांना फार उशिरा कळलं.

अठ्ठावीस मेला श्रीवत्सच्या आवारातलं कडुलिंबाचं झाड गेलं. श्रीवत्स इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात इंजिनियर होता. त्याला गाडीसाठी जागा हवी होती. "तुमचा नियम झाडाला आहे ना सार? मागे उरलेल्या बुंध्याला नाही ना?" असं म्हणून तो हसला. एकोणतीसला आणखी तीन पडली.

तीस तारखेला गल्लीत एकच मोठं झाड उरलं, राजसबाईंच्या अंगणातलं. संध्याकाळी पानं मिटतात म्हणून पोरं त्याला तूंगुमूंजी म्हणत, झोपाळू तोंडाचं. राजसबाई सरांच्या जुन्या विद्यार्थिनी, आता बँकेत कारकून. अंगणभर पडलेली पानं त्या झाडत होत्या.

सरांनी धीर करून विचारलं, "राजस, तूही?"

"अय्यो, नाही सार. एक तारखेपर्यंत करवत लावू देणार नाही. काल दोघं विचारायला आले होते, हाकलून दिले त्यांना."

सर पायरीवरच बसले.

"तो नियम परत एकदा सांगा की," राजसबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी घाईत होते."

सरांनी एकेक कलम वाचलं. राजसबाई पहिल्या बाकावर बसल्यासारख्या ऐकत होत्या. अर्ज कुणाकडे द्यायचा? पाहायला कोण येतं? पुढचं सगळं नगरपालिकाच करते का?

"सगळं तीच करते. घरमालकानं झाडाला हात लावायचा नाही."

"बरं आहे की!"

"पूर्ण नियम समजून घेणारी तू एकटीच निघालीस गं," सर म्हणाले.

एक जून आला आणि गेला. झाड उभं होतं. सर रोज संध्याकाळी फाटकापर्यंत येत, पानं मिटेपर्यंत थांबत. इतर अंगणांकडे ते बघत नसत. आठ गेली, पण एक राहिलं, असं स्वतःला सांगत घरी जात. नियमाप्रमाणे राखलेल्या झाडावर नगरपालिका क्रमांकाची पट्टी लावणार होती. या झाडाला पहिला क्रमांक मिळेल, असा त्यांचा हिशेब होता.

बारा जूनला सकाळी नगरपालिकेची लॉरी राजसबाईंच्या दारात उभी दिसली. सर चप्पल न घालताच निघाले. एक माणूस दोर घेऊन झाडावर चढत होता. पट्टी एवढ्या उंचावर कशाला, असं त्यांच्या मनात आलं.

राजसबाई लॉरीवाल्यांसाठी कॉफी घेऊन बाहेर आल्या. सरांना पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"या सार, या! मुळं पाण्याच्या टाकीत शिरतात म्हणून अर्ज दिला, लगेच मंजूर झाला. बाहेरचे तोडणारे केवढे पैसे मागत होते! तुमच्या नियमामुळे आता हेच फुकट तोडून नेतायत."